आपण म्हणजे कोण?

भाऊजी ताईला मागणी घालायला आमच्या घरी आले, तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेला बसून म्हणाले, "आपल्याला मुलगी पसंत आहे." माझे वडील जरा खवचट स्वभावाचे. ते म्हणाले, "आम्हाला ती जन्मल्यापासून पसंत आहे. तुमचं काय ते सांगा." भाऊजींनी गोंधळून मागे पाहिलं, आपल्याबरोबर आणखी कोणी आलंय की काय म्हणून, आणि मग पुन्हा तेच वाक्य म्हणाले. ताई आतल्या खोलीत तोंडात रुमाल कोंबून हसत होती. लग्न झालं, संसार सुरू झाला, पण तो घोळ काही मिटला नाही.

आमचे भाऊजी स्वतःला 'मी' म्हणत नाहीत. "आपण काय, साधा माणूस." "आपल्याला नाही बुवा ते जमत." "बराय, आपण निघतो." हे शेवटचं ऐकून पाहुणेसुद्धा चपला शोधायला लागायचे. मी शाळेत भाषा शिकवते, त्यामुळे असलं काही ऐकलं की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. एकदा मी त्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, घरात भावंडं खूप, कोणी 'मी' म्हटलं की आई म्हणायची, आला मोठा मी मी म्हणणारा, आणि ताटातली पोळी दुसऱ्याला द्यायची. तेव्हापासून जीभ 'आपण'वर बसली ती बसलीच. ते काम करायचे तिथे सगळे त्यांना आपणराव म्हणत आणि तेही ओ देत. मीपणा नसल्याचा एवढा मीपणा मी दुसऱ्या कोणात पाहिलेला नाही, असं मी ताईला म्हणायची. ताई म्हणायची, तुला काय जातंय, संसार मी करते.

ते काम करायचे एका मोठ्या लॉन्ड्रीत. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या, डोंगराएवढ्या, आणि कडक होऊन परत जायच्या. मागच्या बाजूला बॉयलरची खोली होती. भिंतीला पांढरा चुना, तोही घामेजलेला. एका कोपऱ्यात स्टूल, खिळ्याला भाऊजींचा शर्ट, आणि मधोमध तो बॉयलर. त्याची वाफ पाइपातून भिंतीपलीकडे रोलरकडे जायची. रोलर म्हणजे इस्त्रीच, पण माणूस झोपू शकेल एवढी. रोलरवर एक बाई वर्षानुवर्षं काम करायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. वाफेपुढे उभं राहून त्यांच्या भुवया कधीच्या विरळ झाल्या होत्या. घरी आजारी सासू आणि त्या, दोघीच. कमावणारं माणूस म्हणाल तर मावशीच.

तिथला नियम साधा होता. रोलरमध्ये कोणाला हात घालायचा असेल तर मावशींनी दोरी ओढून बॉयलरच्या खोलीतली घंटा वाजवायची. भाऊजींनी वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा. मग त्यांनी उलटी घंटा द्यायची, की आता वाफ नाही, घाला हात. हे मला आता तोंडपाठ आहे. कोर्टात ते इतक्यांदा ऐकलंय की वर्गात शिकवताना एकदा मी 'संधी' सोडवायच्या ऐवजी व्हॉल्व्ह सोडवायला लागले होते.

एके दिवशी दुपारी फिटर रोलरचं कापड बदलायला आला. मावशींनी घंटा दिली. व्हॉल्व्ह बंद झाला नाही. फिटरने जोड सैल केला आणि वाफ थेट त्याच्या उजव्या हातावर आली. माणूस वाचला, पण हाताची बोटं आता मिटत नाहीत. मी त्याला नंतर कोर्टाच्या आवारात पाहिलं. डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न करत होता आणि कोणी मदतीला गेलं की चिडत होता. भाजल्याच्या धक्क्याने त्या दुपारचं त्याला काहीच आठवत नव्हतं, त्याचं म्हणणं एवढंच होतं, की हे कोणी केलं ते मला कळू द्या. माझ्या मते त्या सबंध प्रकरणात सरळ प्रश्न विचारणारा तो एकटाच होता.

त्याच दिवशी पोलिसांनी बॉयलरच्या खोलीत भाऊजींचा जबाब घेतला. हवालदार स्टुलावर बसून लिहीत होता. भाऊजी उभे. त्यांच्या एका बाजूला ओला टॉवेल घेऊन मावशी, दुसऱ्या बाजूला लॉन्ड्रीचे मॅनेजर. आणि आमचे भाऊजी, कधी नव्हे ते चार वाक्यं सरळ बोलायची गरज असताना, म्हणाले, "आपण व्हॉल्व्ह बंद केला नाही. आपली चूक झाली."

हवालदाराने जसंच्या तसं उतरवून घेतलं. खाली सही झाली.

त्या एका 'आपण'वरून मावशींवरही खटला भरला गेला. निष्काळजीपणाने माणसाला जायबंदी केलं, आरोपी दोन. दोघांनाही कामावरून घरी बसवलं. भाऊजींना स्वतःचं काही वाटत नव्हतं, किंवा वाटत असेल तर त्यांनी दाखवलं नाही. पण मावशींचं नाव कळलं त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. ताईला म्हणाले, "अगं, आपण आपल्याबद्दल बोललो होतो." ताई म्हणाली, तेच तर. शिक्षा झाली तर मावशींना पुन्हा कुठल्या लॉन्ड्रीत कोणी उभं करणार नव्हतं, तुरुंग झाला तर सासूला पाणी द्यायलाही कोणी नव्हतं, आणि हे सगळं भाऊजींच्या तोंडच्या एका शब्दामुळे.

सरकारी वकिलांच्या जोडीला कंपनीने आपले वकील दिले होते, आणि ते हुशार होते, हे मी नाइलाजाने लिहिते. त्यांनी पहिल्याच सुनावणीत सांगितलं, की 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा वगळला जातो आणि 'आपण' म्हटलं की ऐकणारा धरला जातो. शेजारी मावशी उभ्या होत्या. तेव्हा आरोपीने स्वतःच कबूल केलंय, की चूक दोघांची. मॅनेजरचा किंवा कंपनीचा संबंध नाही. मी मागच्या बाकावर बसले होते. हा नियम मीच वर्गात शिकवते, अगदी याच शब्दांत. मला इतका राग आला की राग नेमका कोणाचा आलाय हेही कळेना. व्याकरणाचा राग येऊन उपयोग नसतो.

आमच्या वकीलबाई भाऊजी आणि मावशी दोघांच्याही वकील होत्या. दोघांची बाजू एक आहे तोवर चालेल, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. त्यांचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं, त्यामुळे बोलताना सारखी खालून फरशी थरथरायची. बाई टेबलाखाली बूट काढून बसायच्या आणि पर्स मात्र मांडीवर धरून ठेवायच्या, कधीही उठून जायचं असल्यासारखी. खुर्च्यांवर फायली बसलेल्या, आम्ही उभे. मी भाषा शिकवते हे कळल्यावर त्यांनी एक खुर्ची रिकामी करवून घेतली. मला जरा बरं वाटलं, नाही कशाला म्हणू.

त्यांनी मला विचारलं, 'आपण'चे अर्थ किती. मी सांगितलं. एक, आपण सगळे, बोलणारा आणि ऐकणारा मिळून. दुसरा, आदराने 'तुम्ही': आपण बसावं, आपण कधी आलात. तिसरा, स्वतः: तो आपण होऊन गेला. आणि चौथा पुस्तकात फारसा नसतो, पण आमच्या घरात असतो, तो म्हणजे भाऊजी.

बाईंनी दुसऱ्या अर्थावर बोट ठेवलं. जबाब देताना भाऊजींचं तोंड कोणाकडे होतं? भाऊजी म्हणाले, मॅनेजर साहेबांकडे. मग झालं, बाई म्हणाल्या. आरोपी मॅनेजरना उद्देशून बोलतोय. साहेब, आपण व्हॉल्व्ह बंद केला नाहीत. आपली चूक झाली. म्हणजे तुमची.

मी म्हटलं, तसं असतं तर 'नाहीत' असं हवं, शेवटी 'त' लागतो. जबाबात 'नाही' आहे.

"एक 'त' राहिला असेल लिहिताना," वकीलबाई म्हणाल्या. "वाफेचा केवढा आवाज असतो तिथे."

'त' म्हणता ताकभात ओळखणारी माणसं मी पाहिली होती. इथे 'त' न म्हणताच ताकभात वाढायचा बेत दिसत होता. मी तसं बोलूनही दाखवलं. बाईंना वाईट वाटलं नाही. त्यांनी भाऊजींना एकच विचारलं, की काम चालू असताना व्हॉल्व्ह बंद करण्याबद्दल मॅनेजर काय म्हणायचे. भाऊजी म्हणाले, की वाफ एकदा उतरली की परत चढायला वेळ लागतो, तेवढ्यात चादरी साठतात, म्हणून साहेब म्हणायचे थांबायचं नाही. रोज म्हणायचे? रोज. मग हे जबाबात का नाही सांगितलं? भाऊजी म्हणाले, "कोणी विचारलं नाही. आणि साहेब शेजारीच होते."

बाईंचा तो गळलेला 'त' मला शुद्ध लबाडी वाटत होता, आणि त्या लबाडीतून बाहेर आलेली गोष्ट मात्र खरी होती. वकील खोट्याचं खरं करतात असं लोक म्हणतात. इथे त्या खऱ्यापर्यंत खोट्याच्या जिन्याने चढत होत्या, आणि जिना काढून घ्या म्हणायची माझी हिंमत होईना. घरी येताना भाऊजींनी मला विचारलं, "मास्तरीणबाई, बाई म्हणतात ते खोटं आहे का गं?" मी म्हटलं, सगळं नाही. ते म्हणाले, "पण आपण तसं म्हणालो नव्हतो." मग कसं म्हणाला होता, असं मी विचारलं. ते चालता चालता थांबले. म्हणाले, आधी नीट आठवत होतं, पण सगळ्यांनी विचारून विचारून आता ते वाक्य दुसऱ्याच कोणीतरी म्हटल्यासारखं वाटतंय.

मी त्या दिवसांत ताईकडेच राहायला होते, आणि घरात दोन तट पडले. ताईचं म्हणणं स्वच्छ होतं. साहेबांचं नाव घ्या, मावशीही सुटतील, तुम्हीही सुटाल, आणि साहेब काही अगदीच धुतल्या तांदळासारखे नाहीत. मी रोज नवीन बाजू घ्यायची. सकाळी मला ताईचं पटायचं, शाळेतून येईपर्यंत पटेनासं व्हायचं. भाऊजी दोघींचं ऐकायचे आणि "बरोबर आहे" म्हणायचे. कोणाचं बरोबर ते सांगायचे नाहीत. एकदा मी चिडून म्हटलं, की या घरात निदान कर्ता तरी सापडू द्या, कर्म राहू द्या. तेव्हा ते हसले. त्या काळातलं त्यांचं हसणं मला तेवढंच आठवतं.

मावशी अधूनमधून घरी यायच्या. बसायच्या, चहा घ्यायच्या, खटल्याबद्दल काहीही बोलायच्या नाहीत. भाऊजी त्यांच्याकडे बघत नसत. एकदा ते त्यांना म्हणाले, "मावशी, तुम्हाला यातून काढायचं आपल्याकडे लागलं." मावशींनी कप खाली ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला वाटलं, बिचारीला भरून आलं असेल. चहा निवत होता म्हणून ताईने त्यांना दुसरा करून दिला.

साक्षी सुरू झाल्या. हवालदाराला विचारलं, की 'नाही' होतं की 'नाहीत'. तो म्हणाला, साहेब, जसं बोलले तसं लिहिलं, आता त्यात 'त' होता की नव्हता ते देवाला ठाऊक, कानात सूं सूं चालली होती. कंपनीचे वकील पुन्हा म्हणाले, 'आपण'मध्ये शेजारचा ऐकणारा येतोच. आमच्या बाई उठून म्हणाल्या, की मग हवालदारही ऐकतच होते, त्यांनाही आरोपी करावं. हवालदार दचकून उभाच राहिला. न्यायाधीशांनी त्याला बसायला सांगितलं आणि दोन्ही वकिलांना मुद्द्यावर यायला सांगितलं. मला त्या न्यायाधीशांची दया येत होती. हातात कायद्याचं जाडजूड पुस्तक, आणि अडलंय कुठे तर चौथीच्या व्याकरणात.

मग मॅनेजर पिंजऱ्यात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. व्हॉल्व्ह बंद करू नका असं आपण कधीच सांगितलं नाही, असं ते ठामपणे म्हणाले. वकीलबाईंनी ते मान्य केल्यासारखी मान हलवली आणि विचारलं, की मग कामाबद्दल रोज काय सांगायचे?

"एवढंच सांगायचो, की आपण काम थांबवत नाही."

"या 'आपण'मध्ये तुम्ही होता?"

"मी कसा असेन? मी ऑफिसमध्ये बसतो. ती बोलायची पद्धत असते."

कोर्टात हशा पिकला. मॅनेजरना लोक का हसतायत ते खरंच कळलं नाही. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या शाळेतही मुख्याध्यापिका म्हणतात, आपण हे उद्यापर्यंत तपासून टाकू या, आणि घरी जातात. एकाच्या 'आपण'मध्ये तो सोडून सगळी दुनिया, आणि माझ्या भाऊजींच्या 'आपण'मध्ये ते एकटे. हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा नीट शिरलं. इतकी वर्षं मी त्यांची चेष्टा केली, पण त्यांचा तो एकट्याचा 'आपण' कोणाच्या डोक्यावर कधी आला नव्हता. आला तो आता, पहिल्यांदाच.

वकीलबाई जागेवर येताना आमच्याकडे बघून किंचित हसल्या. खटला वळला होता. आता भाऊजींनी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मी साहेबांशी बोलत होतो. ताईने माझं मनगट धरून ठेवलं होतं, तिच्या बांगड्या मला रुतत होत्या.

भाऊजी पिंजऱ्यात उभे राहिले. वकिलांनी विचारायच्या आधीच न्यायाधीशांनी स्वतः जबाबाचा कागद उचलला, वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, की यातलं 'आपण' म्हणजे कोण.

भाऊजींनी मॅनेजरकडे पाहिलं. मग मावशींकडे पाहिलं. मावशी मान खाली घालून बसल्या होत्या. लिहून घेणाऱ्या कारकुनाची बोटं टाइपरायटरवर थांबली होती.

"मी," भाऊजी म्हणाले.

मी त्यांच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता. त्यांनी तो नवीन बूट घातल्यासारखा, जपून उच्चारला. कंपनीच्या वकिलांनी लगेच विचारलं, फक्त तुम्ही? या बाई नाहीत?

"नाहीत. त्यांनी घंटा दिली. मी ऐकली. मी हात व्हॉल्व्हवर ठेवला, आणि साहेब म्हणतात थांबायचं नाही, म्हणून काढून घेतला. हात माझा होता."

त्याच वेळी आमच्या बाकावर काहीतरी हालचाल झाली. मी पाहिलं तर मावशी अर्ध्या उठल्या होत्या आणि वकीलबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं होतं. मला वाटलं, त्यांना चक्कर आली. बाई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि मावशी बसून राहिल्या.

निकाल पुढच्या तारखेला लागला. मावशींविरुद्ध काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्या सुटल्या. त्यांना पिंजऱ्यात यावंच लागलं नाही. मॅनेजरवर वेगळी कारवाई करा, असा हुकूम झाला. भाऊजी दोषी ठरले. कबुली दिली, वरून दबाव होता, म्हणून तुरुंग टळला, पण बॉयलर चालवायचा परवाना कायमचा रद्द झाला. म्हणजे त्यांना येणारं एकमेव काम आता त्यांना करता येणार नव्हतं. फिटरने निकाल ऐकला, भाऊजींसमोर येऊन उभा राहिला आणि डावा हात पुढे केला. भाऊजींनी तो दोन्ही हातांत धरला. मग फिटर निघून गेला.

ताई कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे कोरडे होते, आणि ती चिडली की तसेच असतात. ती मला म्हणाली, "जन्मात एकदा 'मी' म्हणाले, ते नेमके तिथे." मला भाऊजींचा अभिमान वाटत होता आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी.

वकीलबाई पर्स काखेत धरून बाहेर आल्या. भाऊजींना म्हणाल्या, की माझं ऐकलं असतंत तर तुम्ही दोघंही सुटला असतात. भाऊजींनी मान डोलावली. "एक तर सुटलं ना," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल झाला होता. आपल्या एका शब्दाने अडकलेलं माणूस आपल्याच एका शब्दाने मोकळं झालं, हे समाधान त्यांना कोणी हिरावून घेऊ शकणार नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

तेवढ्यात मावशी आल्या. त्यांनी आभार मानले नाहीत. भाऊजींच्या समोर उभ्या राहिल्या आणि भांडायला आल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "मला कशाला वगळलंत?"

भाऊजींना समजेना. आम्हालाही समजेना. मावशी म्हणाल्या, की घंटा दिली हे खरं. पण उलटी घंटा आली नाही, हे त्यांना माहीत होतं. ती कधीच येत नाही, म्हणून त्यांनी वाट पाहायचं सोडून दिलं होतं. घंटा द्यायची आणि कामाला लागायचं. त्या दिवशी फिटरने विचारलं होतं, मावशी, घालू का हात? आणि त्या म्हणाल्या होत्या, घाल.

"मी घाल म्हटलं त्याला, भाऊ. तुम्ही आत उभे राहून मी मी म्हणत होता, तेव्हा मी उठले होते. बाईंनी बसवलं."

आम्ही सगळ्यांनी वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही. त्या म्हणाल्या, की भाऊजींचं बोलून झालं होतं, ते काही परत येणार नव्हतं. दोघांपैकी एक माणूस अजून वाचवता येत होतं, आणि त्या त्या माणसाच्याही वकील होत्या. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, एवढंच त्या कानात बोलल्या होत्या. त्यात बेकायदा काही नाही. ते खरंच होतं, त्यात बेकायदा काहीच नव्हतं. मला बाईंचा तिरस्कार वाटायला हवा होता, पण मावशींच्या सासूचं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि तोही धड वाटेना.

भाऊजींनी विचारलं, की आत जाऊन हे सांगता येईल का. बाई म्हणाल्या, निकाल झालाय, आणि सांगून परवाना परत मिळणार नाही, मावशी मात्र परत आत जातील. मग भाऊजी आणखी काही विचारायचे थांबले. मावशी रडत नव्हत्या, नुसत्या त्यांच्याकडे बघत होत्या, शिक्षेत आपला वाटा मागायला आलेल्या बाईसारख्या.

व्हरांड्यातून लोक जात-येत होते. कोणीतरी पुढच्या खटल्याची नावं पुकारत होतं. भाऊजी बाजूच्या बाकावर बसले, त्यांनी मावशींनाही शेजारी बसायला जागा करून दिली, आणि आपल्या उजव्या हाताच्या तळव्याकडे पाहिलं.

"म्हणजे मास्तरीणबाई," ते मला म्हणाले, "पहिल्या दिवशी जबाबात आपण बरोबरच बोललो होतो."

यातलं 'आपण' म्हणजे कोण, हे मी त्यांना विचारलं नाही.